पो. – कवेलू ४

काकाजींच्या घराचा सौदा झाला, त्या दिवशी त्यांच्या मुलीनं मला बोलावून घेतलं आणि कॅलेंडरांची एक वळकटी हातात ठेवली. सुतळीनं बांधलेली, चुलीच्या धुरानं पिवळी पडलेली. १९८५ ते १९९३, नऊ वर्षांची कालनिर्णयं. "दुधाचा हिशेब हाय बाबांचा," ताई म्हणाली, "पण दुधापेक्षा तूच जास्त हायेस यात."

घरी येऊन वळकटी सोडली. रोजच्या चौकोनात वर दुधाचा आकडा, बहुतेक ठिकाणी 'दीड'. त्याखाली जांभळ्या शाईत, मुंगीएवढ्या अक्षरात नोंद. 'पो. – कवेलू ४.' 'पो. – गुंडाला पोचा.' 'पो. – शेजारच्या बकरीस आपला टॉवेल.' पो. म्हणजे पोट्टा, आणि पोट्टा म्हणजे मी. हा वैदर्भी शब्द पुण्या-मुंबईच्या माणसाला शिवीसारखा वाटतो. आमच्याकडे तो शिवी आहे की लाड, हे म्हणणाऱ्याच्या हातात काठी आहे की पेढा यावर ठरतं. काकाजींच्या हातात बहुधा काठीच असायची.

काकाजी रिटायर पटवारी. त्यांची नोकरी जुन्या भंडारा जिल्ह्यात झाली, म्हणजे १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा व्हायच्या आधीच्या, पार सालेकसा-देवरीपर्यंत पसरलेल्या जिल्ह्यात. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी धानाच्या बांध्या, बोड्या आणि मामा तलावांचे काठ तुडवले. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. सरकारी कागदावरचं हे नाव मामाचं कसं झालं, हे आम्हाला त्यांनीच सांगितलं. ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही, हे महसूल खात्याचं शास्त्र त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यामुळे पेन्शनीत निघाल्यावर सातबारा हातातून गेला आणि पेन रिकामं राहिलं, तेव्हा ते माझ्याकडे वळलं. मी तेव्हा सात वर्षांचा होतो.

आमचा मोहल्ला खांब तलावाच्या अलीकडचा. भंडारा ही पितळनगरी. सकाळी जाग यायची ती कुठल्या तरी भट्टीवर गंज ठोकल्याच्या आवाजानं, आणि दुपारी झोपायची पंचाईत व्हायची तीही त्यानंच. कवेलूची घरं एकाला एक लागून. एका घराच्या छपरावर चढलो की पाच घरं ओलांडून उतरता यायचं, फक्त मधल्या प्रत्येक घराच्या दोन-चार कवेलूंचा चुरा व्हायचा. काकाजींची आणि आमची भिंत एकच. त्यांनी खोकलं की आमच्याकडे कळायचं. आईनं मला धोपटलं की त्यांना कळायचं, आणि ते भिंतीपलीकडून "बस, सुनबाई, बस" म्हणायचे. कधी कधी म्हणायचे नाहीत. तेव्हा समजायचं, तक्रार त्यांचीच आहे.

मागच्या सांदवाडीत त्यांचं जामाचं झाड. (पेरू म्हणणाऱ्यांनी पेरू म्हणावं.) निम्म्या फांद्या आमच्या बाजूला. या फांद्यांवरच्या फळांचा मालक कोण, यावर काकाजींनी मला एकदा अर्धा तास कायदा समजावून सांगितला होता. तो सगळा आमच्या बाजूनं निघतोय असं वाटायला लागल्यावर ते थांबले आणि "जा, अभ्यास कर" म्हणाले.

जामाचा खरा शत्रू मी नव्हतो, वांदरं होती. काळ्या तोंडाची, हातभर शेपटाची टोळी उन्हाळ्याच्या दुपारी कवेलूंवरून यायची. काकाजींनी त्यावर तोड काढली. फांदीला एक फुटकी पितळेची परात टांगली, शेजारी लोखंडाचा तुकडा, त्याला दोरी, आणि दोरीचं टोक छपरीतल्या खाटेवर, स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला. वांदरांची चाहूल लागली की अंगठा हलवायचा. भांडं ठण्ण वाजायचं, वांदरं पळायची आणि काकाजींची कूसही मोडायची नाही. यंत्र खरोखर सुरेख होतं. त्यात एकच उणीव होती. परातीला आमच्या बाजूनंही दोरा बांधता येत होता.

पहिल्या ठण्णला काकाजी उठले, काठी घेऊन "हाऽऽड, हाऽऽड" करत सांदवाडीभर फिरले. वांदर एक नाही. पुन्हा आडवे झाले. दुसऱ्या ठण्णला उठले, झाडाकडे बघितलं, अंगठ्याकडे बघितलं. तिसऱ्या वेळी त्यांना उलगडा झाला आणि ते न उठताच ओरडले, "काऊन बे, शाळेले सुट्टी हाय म्हणून दुसऱ्याच्या झोपेलेही सुट्टी देतं का?" मी तेव्हा भिंतीवर नव्हतोच. दोरा टाकून चिंचेखाली कंचे खेळायला गेलो होतो. तिसऱ्यांदा परात वाजवली ती खऱ्या वांदरांनी. काकाजी खाटेवर पडल्या पडल्या मला शिव्या घालत राहिले आणि टोळीनं निवांतपणे झाड धुऊन नेलं. लांडगा आला रे आलाची गोष्ट आम्हाला पुस्तकात होती. खोटं कुणी बोलायचं आणि मेंढरं कुणाची जायची, याचं एवढं सोयीचं वाटप मात्र त्यात नव्हतं.

त्या दिवशीच्या चौकोनात लिहिलंय : 'दूध दीड. जाम सर्व. वांदर ७ (पो. धरून ८).'

कॅलेंडरांत सगळ्यात दाटीची पानं श्रावणाच्या शेवटाची आहेत. कारण आमच्याकडे जन्माष्टमीला कान्होबा बसतो आणि आठव्या दिवशी तान्हा पोळा येतो. विदर्भाबाहेरच्यांना कान्होबा सांगावा लागतो. कुंभाराकडून मातीचा कृष्ण आणायचा, मखरात बसवायचा, रात्री भजन, दुसऱ्या दिवशी तलावात विसर्जन. गणपतीसारखंच, पण मुक्काम एका रात्रीचा. आणि त्याच्या डोक्यावर फुलोरा. लाकडी चौकटीला दोऱ्यांनी करंज्या, पापड्या, शंकरपाळ्यांच्या माळा, अनारसे टांगायचे. देव खाली बसलेला आणि आभाळातून फराळ लोंबकळतोय, असा तो देखावा. विसर्जनाआधी त्याला हात लावायचा नाही. म्हणजे वर्षभर भूक लागणाऱ्या वयाच्या पोरांना एक अख्खी रात्र नुसतं मान वर करून बघायचं.

काकूंचा फुलोरा मोहल्ल्यात नावाजलेला. १९८७ च्या अष्टमीला छपरीत भजन रंगलं होतं, पेटी काकाजींच्या मेहुण्याकडे, टाळ काकाजींच्या हातात. मागच्या खिडकीचे दोन गज मोठ्या अंतराचे होते. मी चिंचा पाडायची आकडी त्यातून आत घातली. नेम एका करंजीवर होता, हे मी आजही शपथेवर सांगतो. आकडी अडकली चौकटीत. मी ओढली, सुटेना. जरा जोर केला. काकाजी त्या वेळी गौळण म्हणत होते. गोकुळातल्या बाया यशोदेकडे गाऱ्हाणं घेऊन आल्या आहेत, तुझ्या पोरानं शिंकं फोडलं, दही सांडलं, वासरं सोडली, इतपत आले होते, आणि अख्खा फुलोरा पेटीवर कोसळला.

पेटीतून जो सूर निघाला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. अनारसे भात्यात गेले होते. क्षणभर कुणाला काही कळेना. एका म्हाताऱ्या आजीनं तर हात जोडले. मग काकाजींना खिडकीतली आकडी दिसली आणि ते टाळ हातात घेऊनच धावत बाहेर आले. मी पळतोय आणि मागून झिण झिण झिण.

आमच्या अंगणात खटला चालला. "सुनबाई, तुमच्या पोट्ट्यानं देवाच्या डोक्यावर छप्पर पाडलं." आई काही बोलायच्या आत मागून काकू आल्या. पदर तोंडाला लावलेला. रडतायत असं मला वाटलं, पण हसत होत्या. "जाऊ द्या," त्या म्हणाल्या, "कान्होबानंच खाल्लं समजा." काकाजी म्हणाले, "कान्होबा मातीचा हाय. त्याले करंजी पचत नाही."

या वाक्यावर मी पुढे पुष्कळ विचार केला. काकाजींचा राग खरा होता, पण त्यांची अडचण त्याहून मोठी होती. ज्या पोराला धरायला ते धावत होते, त्याच पोराची ते घरात पूजा करत होते, आणि ज्या बायांची तक्रार कधीच कुणी मनावर घेतली नाही, त्यांचीच बाजू ते टाळ वाजवून गात होते. त्रासलेला शेजारी ही मराठीत काही नवी आलेली वल्ली नाही. एकनाथांच्या गौळणींपासून तमाशातल्या गौळणीपर्यंत ती जागा भरलेलीच आहे. शेजारीण येणार, गाऱ्हाणं सांगणार, आणि पोराची आई म्हणणार की माझं बाळ असं करणारच नाही. ऐकणारे सगळे पोराच्या बाजूचे. गाऱ्हाणं खरं आहे हे सगळ्यांना ठाऊक, म्हणूनच ते गोड. फरक एवढाच की गोकुळातल्या बायांनी कॅलेंडर ठेवलं नाही.

'पो. – फुलोरा संपूर्ण. करंजी २१. पापडी मोजण्यालायक राहिली नाही.' आणि त्याच पानावर, आठ दिवसांनी : 'पो. – बोजारा ३ वेळा.' तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल ओढत घरोघर जातात, लोक बैलाला ओवाळून बोजारा देतात, तेव्हा चार-आठ आणे. मी काकाजींकडे तीनदा गेलो, प्रत्येक वेळी वेगळ्या मित्राचा बैल घेऊन. तिसऱ्या वेळी त्यांनी बैलाकडे बघितलंच नाही, माझ्या चपलांकडे बघितलं. पैसे दिले. नोंदही केली.

होळीचं फार सांगत नाही. होळीसाठी लाकडं चोरणं हा आमच्याकडे गुन्हा नव्हे, रिवाज आहे, आणि एकदा होळीवर चढलेली वस्तू परत काढायची नाही, हाही रिवाजच. काकाजी पुरणपोळीचा नैवेद्य घेऊन आले, नारळ टाकला, प्रदक्षिणा घालता घालता त्यांना ज्वाळांत एक ओळखीचा खूर दिसला. सागवानी खाटेचा. ती छपरीतली, परातीच्या दोरीची खाट. त्यांनी उरलेल्या प्रदक्षिणा पूर्ण केल्या, हे माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. 'पो. व इतर – खाट १. होळीत. परत मागता येत नाही.'

आता या वळकटीचा मागोवा घेताना एक गोष्ट खटकते. मराठी पुस्तकांतल्या द्वाड पोरांना आम्ही भंडाऱ्याकडची, झाडीपट्टीतली पोरं कधी भेटलोच नाही. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आम्ही १९९० च्या सुमारास टीव्हीवर बघितला, राजदत्तांच्या मालिकेत. तो तसा गुणाचाच होता, त्याच्यामुळे कुणाची खाट जळली नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा, पुण्यात शिकणारा, चोर पकडणारा. चोर पकडणाऱ्या पोरावर शेजारी कशाला चिडतील? दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे, मूळ नाव चिन्मयानंद, हा इमारतीतला. खोड्या करतो, पण त्या शेवटी कुणाच्या तरी भल्याच्या निघतात. माझ्या खोड्यांतून कुणाचंही भलं झालं नाही. मराठी लेखकाला पोर खोडकर चालतं, पण त्याचं मन सोन्याचं हवं असतं. आणि शेजाऱ्याच्या मनाची तर चौकशीच नाही.

अपवाद चिंटूचा. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा चित्रमालेतला चिंटू १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू झाला. भंडाऱ्याला आमच्या मोहल्ल्यात पेपर यायचे नागपूरचे, म्हणून पुण्याची मावशी चिंटूची कात्रणं पाकिटातून पाठवायची, महिन्याला एक गठ्ठा. त्यात पप्पू, मिनी, बगळ्या आणि शेजारच्या जोशीकाकू. एकदा ती कात्रणं घेऊन मी काकाजींच्या ओट्यावर बसलो होतो. तोवर मी तेरा-चौदा वर्षांचा, नोंदी विरळ झालेल्या. काकाजींनी हात पुढे केला. चष्मा लावून एकेक कात्रण प्रकाशाकडे धरून वाचलं, सातबाऱ्याचा उतारा तपासावा तसं. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"हे जोशीन कोन व्हय?"

"शेजारीण."

"घर स्वतःचं हाय का भाड्याचं?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी दोन-तीन कात्रणं पुन्हा बघितली. "बाईचं म्हननं बरोबर हाय," ते म्हणाले आणि गठ्ठा परत दिला.

हजारो लोकांनी चिंटू वाचला असेल. जोशीकाकूंचा वकील म्हणून वाचणारा माणूस मी एकच बघितला.

काकाजींचा खरा जोडीदार मला पुढे सापडला, नागपूरच्या वसतिगृहात, कॉमन रूमच्या टीव्हीवर. 'डेनिस द मेनिस' हा १९९३ चा सिनेमा. त्यातल्या त्रासलेल्या शेजाऱ्याचं, मिस्टर विल्सनचं काम वॉल्टर मॅथाऊनं केलंय. त्याचं ते गालफडं लोंबणारं, आधीच हरलेलं तोंड बघून मी एकटाच इतका हसलो की पोरं माझ्याकडे बघायला लागली. सिनेमा निघाला तो चित्रमालेवरून; हँक केचम या चित्रकारानं त्यातला डेनिस स्वतःच्या चार वर्षांच्या मुलावरून काढला. पोरानं खोलीची वाट लावलेली बघून बायको वैतागून काहीतरी बोलली आणि बापाला नाव मिळालं. १२ मार्च १९५१ ला ती चित्रमाला सोळा वर्तमानपत्रांत सुरू झाली. गंमत म्हणजे इंग्लंडातल्या 'बीनो' या पोरांच्या साप्ताहिकातही त्याच आठवड्यात, याच नावाचा दुसरा एक डेनिस सुरू झाला. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. जगाला त्या आठवड्यात द्वाड पोराची गरज पडली असावी.

विल्सन मूळ चित्रमालेत रिटायर पोस्टमन आहे, हे कळलं तेव्हा मात्र मी हसलो नाही. पोस्टमन आणि पटवारी. दोघंही जन्मभर दुसऱ्यांच्या दारांत पायी हिंडलेले. आता आपल्याच दारात, आपल्याच झाडाखाली, कुणी काही न मागता बसायचं, एवढीच दोघांची हौस. आणि नेमकं तेव्हा कुंपणावरून एक डोकं वर येतं. विल्सनला निदान कुंपण होतं. आमच्यात साडेचार इंचांची भिंत, तीही सामाईक.

केचमचा डेनिस पुढे वाढलाच नाही. केचमनं १९९४ पर्यंत चित्रं काढली आणि डेनिस पाचाच्या आसपासच राहिला. खरा डेनिस तोवर मोठा होऊन, व्हिएतनामच्या युद्धावर जाऊन परतला होता, आणि बापलेकांत फारसं काही उरलं नव्हतं. चिंटूही १९९१ पासून त्याच वर्गात आहे. २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोल्यांनी त्याच्यावर सिनेमा काढला तेव्हाही तो तेवढाच होता. चित्रात ही सोय आहे. कॅलेंडरात नाही. १९८५ ची पानं जांभळ्या शाईनं भरून वाहतायत. ८९ पासून आठवड्याला एखादी नोंद. ९१ मध्ये दुधाचा आकडा एका तारखेनंतर 'दीड'चा 'पाऊण' झाला आहे. तिथे आणखी काही लिहिलेलं नाही. ती काकूंची तारीख. पुढचे दोन महिने माझ्या नावावरही काही नाही. त्यानंतरची पहिली नोंद 'पो. – रोज सायंकाळी येतो. काही नाही.' ही मी दोनदा वाचली. 'काही नाही' म्हणजे त्यांनी खरोखर काहीतरी मोडलं-फुटलं आहे का ते तपासलं असणार.

मोहल्ला आता ओळखू येत नाही. कवेलू गेली, स्लॅब आले. सामाईक भिंती पाडून प्रत्येकानं आपापली उभारली, मधे हातभर गल्ली सोडली, तिथे आता फक्त मांजरं जातात. वांदरं अजून येतात, स्लॅबवर पाण्याच्या टाकीची झाकणं उचलून बघतात. घरं घेणारे पहिल्यांदा कॅमेरा बसवतात. कॅमेरा सगळं बघतो आणि रात्रंदिवस नोंदही ठेवतो, पण आईकडे येऊन "सुनबाई" म्हणत नाही. भट्ट्यांचे आवाज कमी झाले; दुपारी झोप छान लागते, असं तिथली नवी माणसं सांगतात.

१९९३ चं कॅलेंडर जवळजवळ कोरं आहे. जूनमध्ये 'पो. नागपूर', एवढंच. मी कॉलेजला गेलो ती तारीख. त्यानंतर नुसतं 'पाऊण, पाऊण, पाऊण', डिसेंबरपर्यंत. फक्त नोव्हेंबरात, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेच्या आठवड्यात एक ओळ आहे. अक्षर जरा थरथरलेलं, शाई मात्र तीच.

'पो. – खिडकीची काच १.'

त्या आठवड्यात मी भंडाऱ्यात नव्हतो. परीक्षा होती, वसतिगृहाच्या खोलीतून हललोही नव्हतो. काच कुणी फोडली ते ताईलाही माहीत नाही. पण पटवाऱ्याची नोंद आहे, ती आता माझ्याच नावावर चढलेली.